हत्ती, बगळा आणि परसातल्या इतर प्राण्यांची निरवानिरव

माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन, मला नीट तपासून, तसं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं आहे. बाई आमच्या भागात नव्या आहेत. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि मग खिडकीबाहेर काय दिसतं ते सांगा म्हणाल्या. मी सांगितलं, "एक हत्ती, एक बगळा, रेडा आणि झाडावर माकड." बाईंचा लिहिता हात थांबला. त्या उठल्या, स्वतः खिडकीशी जाऊन आल्या आणि पुढचं लिहून मोकळ्या झाल्या.

तेव्हा मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय भंगारातून प्राणी बनवणे, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. दडपण आणू शकेल असा एकच माणूस या घरात आहे, आणि तो आत्ता माझ्यासमोर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतो आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा रागाच्या भरात "सगळं गल्लीतल्या कुत्र्यांच्या नावावर करीन" असं म्हटलं होतं. ते तोंडी होतं. ते रद्द समजावं.

सर्वांची पूर्ण नावं आणि मिळकतीचं वर्णन वकीलबाईंनी जोडलेल्या कागदात आहे. इथे मी माणसांना ज्या नात्याने हाक मारते तेच लिहिणार. नाहीतर कोणाला काय दिलं ते माझं मलाच कळायचं नाही.

हे आजच करण्याचं कारण असं. माझे मोठे प्राणी ज्या परसात उभे आहेत, ते परस माझं नाही. सासऱ्यांनी वाटण्या केल्या तेव्हा राहतं घर आमच्या ह्यांच्याकडे आलं, पुढे ह्यांनी ते माझ्या नावावर केलं. मागचं परस आणि त्यापलीकडचं भंगाराचं दुकान धाकट्या दिरांकडे, म्हणजे भाऊजींकडे गेलं. परस तेव्हा रिकामं होतं. मी तिथे आधी एक रेडा ठेवला, मग त्याला सोबत म्हणून बगळा, आणि भाऊजी काही बोलले नाहीत म्हणून हत्ती. त्यांनी काही न बोलण्याला मी परवानगी समजले. वास्तविक भाऊजी त्या हत्तीपासून माझ्याशी बोलेनासेच झाले. गेल्या आठवड्यात एक मालट्रकवाला टेप घेऊन आला आणि परस मापून गेला. त्याला गाड्या लावायला जागा भाड्याने हवी आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, जमीन त्यांची. तुमच्यामागे त्यांनी ठेवलं तर राहील, नाहीतर काटा तिथेच आहे." काटा म्हणजे भंगार तोलायचा. माझा हत्ती किलोवर जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम पहिलं : घर

ह्यांनी हयातभर या घरात राहावं. त्यांना इथून कोणी हलवू नये, आणि त्यांची आरामखुर्चीही कोणी हलवू नये, कारण तिचा एक पाय मी पूर्वीच वापरला आहे आणि ती भिंतीच्या आधाराने उभी आहे. ह्यांच्यानंतर घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. अपवाद फक्त रस्त्याकडच्या खोलीचा, तिचं पुढे येईल.

मुलाला आम्ही साहेब म्हणतो, कारण तो लहानपणापासून तसाच आहे. तो विम्याच्या कचेरीत आहे. जगात कुठे काय बोचू, पडू, जळू शकतं हे त्याला तोंडपाठ आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं आमच्या घरात आहे असं त्याचं म्हणणं. दर भेटीत तो मला विचारतो, "आई, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस?" त्याच्या या काळजीबद्दल त्याला मी माझा कुत्रा देते. कुत्र्याचं धड टाइपरायटरचं आहे आणि शेपूट गादीच्या स्प्रिंगची, बोट लावलं की बराच वेळ हलत राहते. शहरातल्या एका प्रदर्शनात परीक्षकांनी हा कुत्रा परत पाठवला होता. हलणारी शेपूट असल्यामुळे हे शिल्प नसून खेळणं आहे, असा त्यांचा शेरा होता. ते परीक्षक निघताना, कोणी बघत नाही असं पाहून, दोनदा शेपूट हलवून गेले. मी खांबाआड होते. साहेबाने तो कुत्रा कचेरीत आपल्या टेबलावर ठेवावा. सगळ्या कडा मी कानशीने घासून दिलेल्या आहेत.

कलम दुसरं : शिल्लक

बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांनी वाटून घ्यावं. वाटण्यापूर्वी त्यातून दरवर्षी पुरेल एवढं तेल आणि गंजरोधक रंग घेण्याची सोय करावी. गंज मला वाईट वाटत नाही, रेड्याच्या पाठीवर तो शोभून दिसतो. पण पायांना लागू देऊ नये. माणूस काय आणि रेडा काय, आधी पायच जातात.

सोनं फारसं नाही. ह्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मला सोन्याऐवजी वेल्डिंगचं यंत्र आणलं. नातेवाईक बायका हळहळल्या. त्या दिवशी माझ्याइतकी खूश बाई त्या खोलीत दुसरी नव्हती.

कलम तिसरं : अवजारं

वेल्डिंगचं यंत्र, ग्राइंडर, पाने, पकडी, छिन्न्या आणि कातडी हातमोजे मुलीला. ती फ्रिज दुरुस्त करते आणि तिचा वेल्डिंगचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने माझे टाके दुरुस्त करायला घेतले असते.

मी हे काम शेजारच्या फाटकं बनवणाऱ्या उस्तादांकडून शिकले. त्यांची एकच शिस्त होती. टाका मारताना बोलायचं नाही, बोललं की हात हलतो. मी त्यांचं जुनं यंत्र मागून आणून घरी सराव करायला लागले तसा घरात शांततेचा असा काही सुकाळ झाला की ह्यांना वाटलं मी रुसले आहे. दोन दिवस त्यांनी स्वयंपाक केला. खरं कारण कळल्यावरही ह्यांनी मला कधी "पुरे कर" म्हटलं नाही. आत्ता वाचून दाखवलं तर म्हणतात, "लिही की, त्याच शांततेपायी तर यंत्र आणलं." त्यांची मागणी मान्य करून लिहिलं आहे.

घरातली जुनी पद्धत माझ्यामागेही पाळावी. जी वस्तू वापरात आहे तिला लाल दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे वस्तू जिवंत आहे, तिला हात लावायचा नाही. दोरा नसेल आणि वस्तू चार दिवस जागची हलली नाही, तर ती माझी. ही पद्धत ह्यांचा दाढीचा ब्रश घुबडाच्या भुवईत गेल्यावर सुरू झाली. साहेब अजून घरी आला की आधी स्कूटरला दोरा बांधतो आणि मग चपला काढतो. ह्यांना निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसलेलं पाहिलं तेव्हा ह्यांच्या मनगटाला लाल दोरा होता. मी विचारलं, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "मी अजून वापरात आहे. कळावं."

वर्कशॉपच्या दाराला कडी नाही. ती माकडाच्या कोपरात आहे. कुलूप लावायला म्हणून ती काढू नये, माकड पडेल.

कलम चौथं : सुटे प्राणी

घुबड समोरच्या माडीवरच्या बाईंना. आमच्या घरात कोण कधी आलं, काय घेऊन आलं, किती वेळ थांबलं, याची खबर त्या मला माझ्याआधी देत आल्या आहेत. घुबडाचे डोळे मोटारीच्या दिव्यांचे आहेत आणि मान पूर्ण फिरते. दोघांनी एकमेकांना विसावा द्यावा. बाईंनी राग मानू नये. मानलाच तर तो ऐकायला मी खिडकीत नसेन, एवढीच माझी सोय होईल.

किटलीच्या कोंबड्या ज्याला हव्या त्याने न्याव्या. पहिली कोंबडी मात्र मुलीची. ती लहान असताना तापात रडत होती, आणि मी भंगाराच्या दुकानात तांबं-पितळ वेगळं करत बसले होते. हातात तोटी तुटलेली किटली होती. तिला तारेचे पाय लावले, चमच्याची शेपटी केली आणि म्हटलं, "ही बघ, हिलाही बरं नाहीये." मुलगी रडायची थांबली आणि तिने कोंबडीचा ताप पाहिला. माझा सगळा व्यवसाय त्या दिवशी सुरू झाला. किटलीचं झाकण तेव्हापासून नीट बसत नाही. ते तसंच असू द्यावं.

बगळा शिंप्याला. परसातला हा एकच प्राणी इकडून तिकडे नेण्यासारखा आहे. त्याचे पाय छत्रीच्या काड्यांचे आणि चोच शिंप्याच्याच जुन्या कात्रीची आहे. गिऱ्हाइकांना तो माझ्या परसात आणून दाखवतो, "ही माझी कात्री. माझ्याकडे होती तेव्हा कापड कापायची. इथे येऊन मासे धरायला लागली." एवढं कौतुक करणाऱ्याच्या दारात बगळा असलेला बरा. शिंपी आज साक्षीला आला होता. हे कलम ऐकून तो म्हणाला, "घेतो, पण मग सही चालेल का?" वकीलबाई म्हणाल्या, "नाही. ज्याला वाटा त्याची साक्ष नाही." शिंप्याने बगळ्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. ह्यांनी लगेच हात पुढे केला. "मग मी करतो सही." वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला तर अख्खं घर आहे." ह्यांचं म्हणणं, "घर नको, सही करू दे, मला सही चांगली येते." विनंती फेटाळण्यात आली आहे.

कलम पाचवं : परस आणि मोठे प्राणी

इथे मी असं लिहिलं होतं : रस्त्याकडची खोली भाऊजींना द्यावी. त्यांना ती दुकानासाठी फार दिवसांपासून हवी आहे, तिच्या बदल्यात त्यांनी परस आहे तसं राहू द्यावं आणि हत्ती, रेडा, माकड यांना हलवू, तोडू वा विकू नये. खोली पक्की बांधलेली आहे, तिला दोन दारं आहेत, व्यवहार त्यांच्या फायद्याचा होता. वकीलबाई म्हणाल्या की हे त्यांना आजच वाचून दाखवावं, त्यांची लेखी संमती असली तर उत्तम. मुलगी जाऊन काकाला घेऊन आली. भाऊजी उंबऱ्यात उभे राहिले, हाताला काळं लागलेलं, नजर ह्यांच्याकडे.

पुढे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण हे कलम त्यानेच बदललं.

वकीलबाईंनी मजकूर वाचला. भाऊजी ह्यांना म्हणाले, "दादा, वहिनींना सांग, खोली नको."

ह्यांनी मला सांगितलं, "खोली नको म्हणतो."

"ऐकलं मी," मी म्हटलं. "त्यांना विचारा, मग काय हवं? ट्रक हवेत का परसात?"

"वहिनी विचारतायत, ट्रक हवेत का."

"ट्रकवाल्याला मी कालच नाही म्हटलं. वहिनींना सांग."

हे ऐकून माझा टाक कागदावर तसाच राहिला, म्हणून या पानावर डाग आहे. खाडाखोड समजू नये.

मुलगी म्हणाली, "काका, मग तुम्ही रागावलाय कशावर? एवढी वर्षं?"

भाऊजी उंबरा ओलांडून आत आले. मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, एकदा माझ्या खुर्चीत येऊन बसा."

आम्ही सगळे परसातून दुकानात गेलो. वकीलबाई कागद सांभाळत, डॉक्टरीणबाई बॅग सांभाळत, ह्यांच्या हातात चहाचा कप. काट्याशेजारी भाऊजींची लोखंडी खुर्ची आहे. त्यांनी ती फडक्याने पुसली. मी बसले आणि समोर पाहिलं.

मी प्राणी करते ते तोंडापासून. जमवलेल्या सामानातलं सगळ्यात सुंदर जे असेल ते तोंडाला, आणि तोंड नेहमी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. चहा करताना, भांडी घासताना मी तिथून बघते, कान चुकला का, सोंड वाकडी गेली का. बाहेर जाते, सुधारते, परत येऊन बघते. असं वर्षानुवर्षं चाललं. काट्याशेजारच्या खुर्चीतून काय दिसत असेल, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नाही. आज दिसलं. रेड्याचं ढुंगण, हत्तीचं ढुंगण आणि माकडाचंही.

"गिऱ्हाईक येतं," भाऊजी म्हणाले. "मी सांगतो, हे आमच्या वहिनींनी केलंय, आपल्याच दुकानातल्या मालाचं. ते म्हणतात, वा, बघू. आणि बघतात तर हे. हत्तीला तर धड शेपूटसुद्धा नाही. गाडीची दारं मी तुम्हाला शोधून दिली कानांसाठी. दोन्ही एकाच रंगाची मिळावी म्हणून किती फिरलो. ते कान मला कधी पुढून दिसले नाहीत."

"अहो, मग सांगायचंत तरी!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"तुम्ही बोलत होतात कधी?"

"पाठ करून उभ्या राहिलेल्यांशी काय बोलायचं?"

ह्यांना असं काही हसू फुटलं की कप काट्याच्या पारड्यात ठेवावा लागला. काटा हलला तशा डॉक्टरीणबाई हसल्या, मग वकीलबाई, आणि मग मला भाऊजींच्या मिशा हलताना दिसल्या. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला मी पाठ दाखवली असं नका समजू. मला खिडकी एकच आहे, म्हणून झालं हे."

"मला हत्तीचं तोंड द्या," ते म्हणाले. "परस तुमचं. तुमच्यामागेही तुमच्याच प्राण्यांचं. लिहून घ्या, सही करतो."

"आणि खोली?"

"खोलीत बसून काय करू? भिंतीच बघायच्या ना तिथे?"

म्हणून कलम पाचवं आता असं : भाऊजींनी परसातले प्राणी कायम तिथेच राहू देण्याची लेखी संमती दिली आहे, ती सोबत जोडली आहे. त्या बदल्यात हत्ती मी हयात असतानाच फिरवून त्याचं तोंड दुकानाकडे करून देणं माझ्यावर बंधनकारक आहे. हत्तीवर पुढे मालकी भाऊजींची राहील. तो त्यांनी विकू नये, आणि त्यांनी विकू नये असं मी लिहिते आहे हे वाचून त्यांनी पुन्हा अबोला धरू नये. रस्त्याकडची खोली मुलीला, दुरुस्तीच्या दुकानासाठी. साहेबाला त्या खोलीच्या बदल्यात रेडा. नको असेल तर तो परसातच राहील, भाऊजींची त्याला हरकत नाही. माकड कोणाच्याच मालकीचं नाही. ते झाडाचं आहे.

कलम सहावं : माझ्याबद्दल

माझ्यामागे माझा पुतळा कोणी करू नये. मुलीला राहवलंच नाही तर तिने करावा, पण नाकाला नळाची चावी वापरू नये. तिने एकदा तसं चित्र काढलं होतं, ते माझ्या लक्षात आहे.

मला निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाला वर्कशॉपमधून एक वस्तू उचलून नेऊ द्यावी. नट असो, चाक असो, नुसता पत्रा असो. नेऊन काय करायचं ते त्याचं तो ठरवील. नाही काही सुचलं तर खिडकीत ठेवावी आणि चार दिवस बघत राहावं. बहुतेकांना सुचतं.

भाषणं करू नयेत. केलीच तर "टाकाऊतून टिकाऊ" हे शब्द कोणी उच्चारू नयेत. माझ्या हातात आलेली एकही वस्तू टाकाऊ नव्हती, तिचं जुनं काम तेवढं संपलं होतं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. साहेबाने तिच्या शेजारी उभं राहून काळजी करावी. दोघांना आपापलं काम उत्तम येतं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, वाचून दाखवला आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. कलम पाचवं सोडून. ते माझ्या इच्छेपेक्षा चांगलं झालं आहे.

सही : हत्तीवाली (घरात आणि गल्लीत याच नावाने ओळख, पूर्ण सही जोडपत्रावर)

साक्षीदार पहिल्या : डॉक्टरीणबाई. लिहिणारीचं डोकं सकाळी ठिकाणावर होतं आणि दुपारीही आहे, असं त्यांनी शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

साक्षीदार दुसरे : फाटकवाले उस्ताद. शिंप्याच्या जागी ऐनवेळी बोलावले. सही करताना एक शब्द बोलले नाहीत.

संमती : भाऊजी. सहीजवळ काळा अंगठा उमटला आहे तो मुद्दाम नव्हे, हात पुसायचे राहिले.

स्थळ : दुकान, काट्याशेजारची खुर्ची
दिनांक : ९ फेब्रुवारी, दुपार

ताजा कलम : वकीलबाईंच्या सांगण्यावरून खाली पुन्हा सही केली आहे. बंद गाड्या ओढून नेणारा क्रेनवाला उद्या सकाळी येतो म्हणाला. हत्तीचे पाय आज संध्याकाळी उस्ताद आणि मुलगी मिळून मोकळे करतील. साहेबाला फोनवर कळवलं तर तो रजा टाकून येतो आहे, क्रेनखाली कोणी उभं राहू नये हे बघायला. समोरच्या माडीवरच्या बाईंनी गल्लीला बातमी आमच्याआधी पोचवली आहे, तेव्हा गर्दी होईल. हत्ती एकदा वळला की त्याची मागची बाजू माझ्या खिडकीसमोर येणार, आणि तिथे शेपटीच्या जागी नुसतं भोक आहे. ते रोज बघणं मला जमणार नाही. भाऊजी भंगाराच्या ढिगात आताच शिरले आहेत, मधूनमधून काही तरी वर धरून ओरडतात, "वहिनी, हे चालेल?" आत्तापर्यंतचं काहीच चालण्यासारखं नाही. मी उठते.